गुण नसलेला तास

येरवड्यात वाढणाऱ्या मुलाला जगण्याविषयीचे प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. शाळेच्या वाटेवर मध्यवर्ती कारागृहाची लांबलचक भिंत लागते. जवळच मनोरुग्णालय आहे, मुलांचं निरीक्षणगृह आहे. नगर रस्त्याला लागलं की आगाखान पॅलेस. तिथे नजरकैदेत असताना १५ ऑगस्ट १९४२ला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वारले आणि २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा. याच परिसरात आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत आणि हाकेच्या अंतरावर नागपूर चाळ, लक्ष्मीनगर, जयप्रकाशनगर या दाट वस्त्या. तुरुंगात कोण जातं, माणसाचं मन का बिघडतं, काचेच्या इमारतीत कोणाला खुर्ची मिळते आणि कोणाला तिथली फरशी पुसावी लागते, हे पोरांना मुद्दाम दाखवावं लागत नाही. रोज येता-जाता दिसतं. त्यावर बोलायला मात्र जागा लागते.

कॅथलिक शाळांच्या वेळापत्रकात ती जागा असते, निदान कागदावर. आठवड्यातून एखाद-दुसरा तास. कॅथलिक मुलं ‘कॅटेकिझम’ला, म्हणजे धर्मशिक्षणाला, जातात आणि बाकीची ‘मॉरल सायन्स’ला बसतात. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कोणत्याही मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही, म्हणून ही विभागणी. या तासाला गुण नसतात. त्यामुळे शाळेत त्याची किंमत सगळ्यांत कमी, आणि म्हणूनच त्यात करण्यासारखं सगळ्यांत जास्त.

येरवड्यातल्या अशाच एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेकडे नववी-दहावीचा कॅटेकिझमचा तास आला. मुलं तिला टीचर म्हणतात. तिचं माहेर श्रीरामपूरकडचं, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लहानपणापासून जाणारं. वर्गातली मुलं मात्र नाना घरांतली होती. नगर जिल्ह्यातून कामासाठी पुण्यात आलेली मराठी कुटुंबं, लष्कराच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावलेली तमिळ घरं, गोव्याची आणि मंगळूरची कोकणी, केरळची मल्याळी. कोणाचे वडील रिक्षा चालवायचे, कोणाची आई कल्याणीनगरच्या रुग्णालयात नर्स. काम असं ठरलं होतं की वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने ‘माझं जीवनविषयक तत्त्वज्ञान’ या विषयावर एक पान लिहायचं आणि ते स्वतःजवळ ठेवायचं.

पहिल्याच आठवड्यात टीचरने कच्चं पान लिहून घेतलं. सगळी पानं एकमेकांची भावंडं शोभावीत अशी निघाली. मी खरं बोलेन, आईवडिलांची आज्ञा पाळेन, गरिबांना मदत करीन, देवावर श्रद्धा ठेवीन. अक्षर वेगळं, मजकूर एकच. यात मुलांचा दोष नाही. पहिलीपासून मूल्यशिक्षणाच्या तासाला त्यांना एकच गोष्ट पक्की शिकवलेली असते: बाईंना काय आवडेल ते ओळखायचं आणि तेच लिहायचं. अशा मुलासमोर आणखी एक सुंदर तत्त्व ठेवलं तर तो तेही वहीत उतरवून घेतो आणि वही मिटतो.

टीचरने पानं परत दिली ती प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने बारीक प्रश्न लिहून. ‘मी नेहमी खरं बोलेन’ असं लिहिणाऱ्या एका मुलाच्या पानावर तिने विचारलं होतं: शेवटचं खोटं कधी बोललास? कोणाशी? खरं बोलला असतास तर काय गेलं असतं? उत्तर दाखवायची सक्ती नव्हती. तो मुलगा दोन तास गप्प राहिला आणि मग स्वतःहून पान घेऊन आला. ट्यूशनला जातो सांगून तो मैदानावर क्रिकेट खेळत होता. वडील एका सोसायटीत सिक्युरिटी गार्ड. ट्यूशनची फी भरता यावी म्हणून ते रात्रपाळीनंतर सकाळचीही ड्यूटी करायचे. त्याने जुनं वाक्य खोडून खाली लिहिलं होतं, ‘ज्याच्या कष्टावर मी शिकतो त्याच्याशी तरी खोटं बोलणार नाही.’

आधीच्या वाक्यापेक्षा हे वाक्य लहान आहे. ‘नेहमी’ गेलं, ‘सगळ्यांशी’ गेलं. पण हे त्याचं स्वतःचं आहे, आणि उद्या मोडलं तर मोडलं हे त्याला कळणार आहे.

या वयाच्या मुलांना उदाहरणं लागतात, आणि थोरांची चरित्रं त्यांनी इतकी ऐकलेली असतात की नाव काढलं की चेहरे विझतात. येरवड्यात टीचरच्या हाताशी एक वेगळी सोय होती. १९३०मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना दर मंगळवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर साबरमती आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह, अभय अशी ती मालिका. ‘मंगल प्रभात’ नावाने पुढे ती पुस्तकरूपाने आली. ज्या भिंतीच्या कडेने मुलं रोज येतात तिच्या आत बसून एका साठीतल्या माणसाने आपलं जगण्याचं तत्त्वज्ञान आठवड्याला एक याप्रमाणे कागदावर मांडलं, हे ऐकल्यावर वर्ग सरसावून बसला.

टीचरने त्या मालिकेतल्या दोन गोष्टींवर जास्त वेळ दिला. एक, अस्तेयाबद्दलचं गांधीजींचं म्हणणं: गरज नसताना एखादी वस्तू घेणं हीसुद्धा चोरी. यावर वर्गात वादळ झालं. वाढदिवसाला मागून घेतलेले नवे इअरबड्स चोरीचे ठरतात का? जुने चालत असतील तर? दुसरी गोष्ट अधिक मोलाची. स्वदेशी या व्रतावर गांधीजींनी तुरुंगातून पत्र लिहिलंच नाही. तो विषय राजकारणाला भिडतो आणि तुरुंगात असताना राजकीय लिखाण करायचं नाही हे बंधन आपण मानलेलं आहे, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे सत्यावर लिहिणाऱ्या माणसाने तेच सत्य स्वतःच्या लेखणीला लावलं, आणि तेही त्याला कोंडणाऱ्या सरकारच्या नियमाबाबत. तत्त्व आणि वागणूक यांचा सांधा कुठे असतो हे मुलांना इतक्या नेमकेपणाने दाखवणारं उदाहरण शोधूनही सापडणं कठीण.

पण गांधीजींवर थांबणं या वर्गाला परवडणारं नव्हतं. सप्टेंबर १९३२मध्ये याच तुरुंगात अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात त्यांनी उपोषण सुरू केलं, आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली वाटाघाटी झाल्या आणि २४ तारखेला पुणे करार झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडली, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. स्वतःच्या तत्त्वज्ञानाची पूर्ण जाण असलेली दोन माणसं समोरासमोर आली आणि दोघांच्याही हातून काहीतरी सुटलं. टीचरने वर्गाचे दोन गट केले. नियम एकच: आपलं बोलण्याआधी समोरच्याचं कारण असं मांडायचं की त्याने म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचंय.’ येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ पुस्तकाच्या सुरुवातीलाच, समोरच्याच्या म्हणण्याचा आधी चांगला अर्थ लावून पाहावा, अशी अट घातली आहे. तिथूनच तिने हा नियम घेतला.

त्या चर्चेत एका मुलीने विचारलं, “टीचर, आपण ख्रिस्ती झालो तेव्हा आपली जात गेली ना? मग माझ्या दाखल्यावर ती कशी?”

नगरकडच्या बहुतेक ख्रिस्ती घरांना ठाऊक असलेला आणि घरात क्वचितच मोठ्याने विचारला जाणारा हा प्रश्न. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी बहुतांशी हिंदूंपुरती ठेवली. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना तीत घेतलं गेलं. ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. टीचरने हे सगळं फळ्यावर तारखांसकट लिहिलं आणि मग विचारलं: वेदीसमोर सगळे समान, असं आपण म्हणतो. तुमच्या घरात लग्न ठरतं तेव्हा काय विचारतात? वर्ग शांत झाला. ज्या धर्मशिक्षणात हा प्रश्न येत नाही त्याचा त्या मुलीला काय उपयोग? तिच्या जगण्याचा सगळ्यांत अवघड भाग तर इथेच आहे.

बाबासाहेबांचं आणखी एक उदाहरण टीचर देते आणि ते मुलांना फार धीर देतं. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ला. मधली एकवीस वर्षं त्यांनी वाचण्यात, तपासण्यात, वेगवेगळे धर्म पारखण्यात घालवली. इतक्या मोठ्या विद्वानाला एकवीस वर्षं लागली, तर नववीतल्या मुलाचं पान अर्धं कोरं राहिलं म्हणून काय बिघडलं?

मग कॅथलिक परंपरेचं काय, असं कोणी विचारेल. परंपरा या तासात भरपूर होती, पण उत्तरांच्या यादीसारखी नव्हती. कसं शोधायचं हे दाखवण्यासाठी ती होती. १५२१मध्ये पँपलोनाच्या लढाईत इग्नेशियसचा पाय तोफगोळ्याने मोडला. अंथरुणाला खिळलेला हा तिशीचा सैनिक वेळ घालवायला दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा: एक शौर्य गाजवून राजघराण्यातल्या स्त्रीचं मन जिंकण्याचं, दुसरं संतांसारखं जगण्याचं. रंगवताना दोन्हींत मजा वाटायची. पण पहिलं स्वप्न ओसरलं की मन कोरडं पडायचं, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राहायचं. हा फरक त्याच्या ध्यानात आला आणि मनातल्या हालचाली पारखण्याची त्याची सगळी पद्धत इथून निघाली. टीचरने मुलांना आठवडाभर तेच करायला सांगितलं. रील्स बघताना कसं वाटतं ते लिहायचं नाही. बंद केल्यावर पाऊण तासाने कसं वाटतं ते लिहायचं. तसंच क्रिकेटनंतर, धाकट्या भावाचा अभ्यास घेतल्यानंतर, मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, एखाद्याची टिंगल केल्यानंतर. मिस्सानंतर काहीच वाटलं नाही तर ‘काही नाही’ असंच लिहायचं. बऱ्याच जणांनी तसंच लिहिलं, आणि मिस्साबद्दल वर्गात खरी चर्चा त्यानंतर सुरू झाली.

नगर रस्त्यावर रामवाडीला येशूसंघाचं डी नोबिली कॉलेज आहे आणि पेपल सेमिनरीही. श्रीलंकेतल्या कँडीहून ती १९५५मध्ये इथे आली. डी नोबिलीतच फादर अँथनी डिमेलो यांनी १९७०च्या दशकात ‘साधना’ संस्था सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. भारतीय ध्यानपद्धती आणि ख्रिस्ती प्रार्थना यांची सांगड घालणारं त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक १९७८चं. त्याची सुरुवातच दहा मिनिटं निव्वळ शांत बसण्याच्या प्रयोगाने होते. १९९८मध्ये व्हॅटिकनने डिमेलो यांच्या काही मतांविषयी सावधगिरीची सूचना काढली, हेही टीचर मोठ्या मुलांपासून लपवत नाही. श्रद्धेच्या घरातसुद्धा मतभेद होतात, हे कळणं त्यांच्या वयाला पचतं. शांत बसण्याचा प्रयोग वर्गात केला तेव्हा आधी खुसखुस, मग बाकांची करकर, आणि मग खिडकीबाहेरून विमान गेल्याचा आवाज. लोहगाव विमानतळ जवळ असल्याने विमानं दिवसभर जातात. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, असं तिघा-चौघांनी लिहिलं.

विचार नुसता वहीत राहिला तर तो वाळतो. बेल्जियमचे धर्मगुरू जोसेफ कार्डिन यांनी तरुण कामगारांसाठी रूढ केलेली ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत पोप तेविसावे जॉन यांनी १९६१च्या परिपत्रकात उचलून धरली. भारतात विद्यार्थी गटांतून ती अनेक ठिकाणी चालते. तिची वेळ या वर्गावर अचानक आली. प्रकट वाचनात अडखळणाऱ्या एका मुलाचा व्हिडिओ कोणीतरी काढला आणि तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. मुलं लगेच म्हणाली, “हे चूक आहे, टीचर.” तिने विचारलं, “आधी पाहू या. किती जणांनी पाठवला? किती जण हसले? किती जणांनी नुसता पाहिला?” तिसऱ्या प्रकारचे हात सर्वांत जास्त वर गेले. मग बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट निघाली. रस्त्यात जखमी पडलेल्याला ओलांडून पुढे गेले त्या दोघांनी त्याला मारलं नव्हतं; ते फक्त थांबले नाहीत.

त्या संध्याकाळी एका मुलीने ग्रुपवर लिहिलं की व्हिडिओ सगळ्यांनी काढून टाका, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुटीत ती त्या मुलाशेजारी जाऊन बसली. तिला ग्रुपमधून काढलं. काही दिवस तिच्याशी कोणी नीट बोललं नाही. वर्षाच्या शेवटी तिच्या पानावर एक वाक्य होतं: ‘मी फॉरवर्ड केलं नव्हतं, एवढ्यावर मी समाधानी होते. आता नाही.’

पालकांना हे सगळं रुचतंच असं नाही. दहावीतल्या एका मुलाने लिहिलं, ‘देव आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मिस्साला मी आईसाठी जातो.’ ते पान त्याच्या आईच्या हाती लागलं. ओपन डेला ती आली. “टीचर, तुम्ही याला संशय शिकवता का?” टीचर म्हणाली, “ताई, संशय त्याला आधीच होता. आता तो बोलतोय.” मुलाच्या परवानगीने ते पान धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांनीही वाचलं. रागावण्याऐवजी त्यांनी त्याला संत थॉमसची आठवण करून दिली. जखमा स्वतः पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा हा शिष्य; भारतात शुभवर्तमान आणलं म्हणून परंपरेने ज्याचं नाव घेतलं जातं तो हाच. त्याच्या प्रश्नासाठी येशूने त्याला बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ला संमत केलेल्या आजच्या जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतःकरणातलं पवित्र स्थान मानलं आहे, जिथे तो देवासमवेत एकटा असतो. आता त्या जागी टीचरने, फादरांनी किंवा आईने जाऊन बसायचं का? पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण ज्या सिस्टरांकडे त्या राहत होत्या त्यांनी सांगितलेलं प्रत्येक मत त्यांनी निमूट स्वीकारलं नाही. ‘माझ्या बुद्धीला पटेपर्यंत नाही’ अशा वळणाची त्यांची पत्रं आहेत. त्या कॅथलिक नव्हत्या, तरी पुण्याजवळ केडगावला आयुष्य झिजवणाऱ्या या बाईचा विश्वास कच्चा होता असं म्हणायची कोणाची छाती आहे? स्वतः तपासून घेतलेल्या विश्वासावरच त्यांनी मुक्ती मिशन उभारलं आणि बायबलचं मराठी भाषांतर पूर्ण केलं.

हे काम करणाऱ्यांनी एक सीमा ओळखायला हवी. शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण धावत येऊन येशूला विचारतो, सार्वकालिक जीवनासाठी मी काय करू? येशू त्याला आधी प्रश्न विचारतो, मग मार्ग सांगतो. तरुण खिन्न होऊन निघून जातो आणि येशू त्याच्या मागे धावत नाही. शिक्षकाला हे जमणं फार अवघड असतं. मुलाने आपल्याला हवं ते पान लिहावं, अशी ओढ कितीही चांगल्या शिक्षकाला असते. पण पकडून आणलेला तरुण पुढच्या वळणावर पुन्हा जाणारच.

येरवड्यातच सालेशियन फादरांची डॉन बॉस्को शाळा आहे. ज्यांचं नाव तिला आहे ते डॉन बॉस्को १८४१च्या सुमारास तरुण धर्मगुरू म्हणून तुरिनच्या तुरुंगांत जाऊ लागले. गजांआड बारा-अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरं पाहून ते हादरले. बाहेर यांची काळजी घेणारं कोणी असतं तर ही इथे आली नसती, हे त्यांना पटलं आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या एका निष्कर्षावर उभं राहिलं. बुद्धी, धर्म आणि माया हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधार. हे सांगून झालं की टीचर मुलांना खिडकीतून कारागृहाच्या दिशेला बघायला सांगते आणि विचारते, त्या भिंतीपलीकडे चौदाव्या वर्षी कोणाला कोणी काय विचारलं असेल? याचं उत्तर अजून कोणत्याच वर्गाने चटकन दिलेलं नाही.

दिवाळीनंतर दहावीचा हा तास बहुतेक शाळांत नाहीसा होतो. पूर्वपरीक्षा जवळ येतात, गणिताचा भाग राहिलेला असतो, विज्ञानाची प्रयोगवही तपासायची असते. ‘तुमचा तास देता का?’ असं विचारलं जातं आणि गुण नसलेला तास द्यायला कोणालाच जड जात नाही. मुख्याध्यापकांना, धर्मग्रामातल्या फादरांना आणि पालकांना विनंती एवढीच आहे की तो देऊ नका. दहावीच्या मुलांपुढे त्याच वर्षी शाखा, कॉलेज, शहर, मैत्री आणि पैसा यांचे निर्णय एकामागून एक उभे राहतात. आठवड्यातली ती पस्तीस मिनिटं मार्चपर्यंत चालू ठेवा.